‘मजा येत नाही’चं पान

ओरिकासा तोमिए आमच्या बंदरात कधी कुणाला वाकडं बोलली नाही. लोक हे कौतुकाने सांगतात, मी तक्रार म्हणून सांगते.

आम्ही दोघी एकाच आळीतल्या, एकाच वर्गातल्या. मी साकुयामा हारुए. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलं, त्यामुळे माझा आवाजही मोठा आणि जीभही तिखट. तोमि मच्छीमार सोसायटीच्या खिडकीत बसायची आणि दिवसातून तीनदा भोंग्यावरून लिलावाची वेळ, वाऱ्याचा जोर, समुद्राची खबर सांगायची. आमच्या बाजूची बोली जाडीभरडी, नाकातली. शहरातले लोक ऐकून गालात हसतात. तोमिच्या तोंडी ती चुकूनही यायची नाही. भोंग्यावर तिचा आवाज आला की वाटायचं, राजधानीचा रेडिओ लागलाय. निवृत्त झाली तेव्हा नगरपालिकेच्या लोकांनी तिलाच गाठलं, “आमच्या सभागृहात दर रविवारी भाषेचा वर्ग घ्या. शेवाळाच्या कारखान्यात परदेशातून मुली आल्यात, त्यांना चार शब्द येऊ देत.” तिने मला ओढलं. एका कोपऱ्यात मी अक्षरं गिरवून घ्यायचे, फळ्यासमोर ती व्याकरण शिकवायची. शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे ‘सेन्सेई’ म्हणतात. चहा मीच करायचे, कारण तिचा चहा म्हणजे कोमट पाणी.

या मुलींना कागदावर ‘शिकाऊ’ म्हणतात. शिकतात काय, तर हिवाळाभर थंड पाण्यात हात घालून समुद्रातल्या खायच्या शेवाळाची मधली शीर काढायला. हे तीन वर्षं शिकावं लागतं म्हणे. मी पहिल्या दिवशी तासाभरात शिकले असते.

पुस्तकातला सतरावा धडा तोमिचा लाडका. ‘अमुक करायला मजा येते’ असं कसं म्हणायचं, त्याचा. आमच्या भाषेत त्याला शब्द आहे ‘तानोशी’. तोमि फळ्यावर अर्धं वाक्य लिहायची, रिकामी जागा सोडायची आणि एकेकीला विचारायची. बोटीवर काम करणारा सुपार्दी नावाचा एक इंडोनेशियाचा गडी यायचा, तो दर वेळी ओरडायचा, “झोपायला! झोपायला तानोशी!” मुली हसून लोळायच्या. तोमिचं स्वतःचं उदाहरण ठरलेलं, “मला मुळ्याचं लोणचं घालायला मजा येते.” मी कोपऱ्यातून म्हणायचे, “हिने उभ्या जन्मात लोणचं घातलेलं नाही हो, डबा दुकानातून येतो.” ती लाजून म्हणायची, “हारु, गप्प बस. व्याकरण बरोबर आहे ना?”

त्या धड्याच्या मागच्या पानावर नकार होता. ‘मजा येत नाही’ कसं म्हणायचं, ते. तोमि ते पान शिकवायची नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. दोन पानं एकदम उलटायची आणि सरळ अठराव्या धड्यावर जायची. मी एकदा विचारलं.

“अगं, घाई कशाची? ते पान राहिलं.”

“कशाला शिकवायचं?” ती म्हणाली. “परक्या गावात येऊन ‘मजा येत नाही’ म्हणत फिरायचं? ऐकणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मी हसण्यावारी नेलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

न्यान आली ती दोन वर्षांपूर्वी, व्हिएतनामहून, बावीस वर्षांची. तिच्या भाषेत त्या नावाचा अर्थ ‘निवांत’ असा होतो, हे तिनेच सांगितलं आणि स्वतःच्याच नावाला हसली. बुटकी, गालावर खळी, आणि डावखुरी. हे डावखुरेपण तिच्या मुळावर आलं. कारखान्यात सगळ्याजणी खांद्याला खांदा लावून बसतात आणि सगळ्यांचे हात एकाच बाजूने चालतात. हिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं, शीर मध्येच तुटायची, पान फाटायचं. तिथला मुकादम हाताकेयामा लाकडी दांडा घेऊन फिरायचा. तो दांडा होता मीठ ढवळायचा, पण पडायचा न्यानच्या बोटांवर. उजव्या हाताने कर, म्हणून.

रविवारी ती यायची ती बाह्या बोटांपर्यंत ओढून. मी गिरवायला वही पुढे केली की बाही मागे जायची आणि दिसायचं. सांधे सुजलेले, निळे-काळे.

“हे काय गं?” मी पहिल्यांदा विचारलं.

“दरवाजा,” ती म्हणाली.

“दरवाजा रोज लागतो?”

“मोठा दरवाजा,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता अक्षर गिरवत राहिली.

पुढे थोडी भाषा आली तेव्हा दरवाजाचं नाव सांगितलं. मी तोमिला सांगितलं. तोमिने हातातला कप पुसून ठेवला. मग म्हणाली, “वर्षातून एकदा देखरेखवाले येतात ना तपासणीला? त्यांना सांगेल ती. ते काम बदलून देतात. आपण मध्ये कशाला पडायचं?”

हे खरं होतं. मुलींना आणणारी जी संस्था आहे, तिची बाई कारखान्यात येते, एकेकीला बोलावून विचारते. तक्रार नोंदवली तर दुसऱ्या कामावर घालावं लागतं, कारखानासुद्धा बदलून मिळतो. न्यानला हे माहीत होतं. तिचं सगळं त्या एका दिवसावर अडकलेलं होतं. तपासणी जानेवारीत होती.

डिसेंबरात सतरावा धडा आला. “घरी भात लावायला मजा येते,” न्यान म्हणाली. तोमिने शाबासकी दिली. मग न्यानने हात वर केला, डावा.

“सेन्सेई, उलटा कसा? मजा येत नाही, तो कसा?”

मी पेन्सिल खाली ठेवली. तोमिने फळ्याकडे तोंड केलं. “ते आपण पुढे बघू हं, न्यान-सान,” ती गोड आवाजात म्हणाली. “आधी हे पक्कं होऊ दे.” आणि दोन पानं एकदम उलटली.

ही एवढीच गोष्ट. तिने मारलं नाही, ओरडली नाही, खोटं बोलली नाही, नुसती पानं उलटली.

आता यात काय बिघडलं ते सांगायला मला थोडं व्याकरण सांगावं लागेल. आमच्याकडे ‘आवडतं’ला म्हणतात ‘सुकी’. त्याला ‘जानाई’चं शेपूट लावलं की झालं ‘आवडत नाही’. सोपं. मुलींना ते महिन्याभरात येतं. पण मजेच्या शब्दाला ते शेपूट चालत नाही. त्याचा नकार शब्दाच्या पोटातून होतो, ‘तानोशिकुनाई’. आणि कुणी चुकून ‘तानोशी’ला ‘जानाई’ लावलं, त्यात शेवटी आवाज जरा वर गेला, तर नकार होतच नाही. आम्ही बायका जत्रेत एकमेकींना कोपराने ढोसून म्हणतो तसं होतं, ‘मजाच आहे की गं!’

न्यान हुशार होती. कुणी शिकवलं नाही तर आपणच जोडून बघणारी. तिने ‘आवडत नाही’वरून ‘मजा येत नाही’ बनवलं, रोज खोलीवर पाठ केलं, आरशासमोर म्हणून बघितलं. जानेवारीत देखरेखवाली बाई आली. मालकाच्या खोलीत शेगडी पेटलेली, मालक स्वतः चहा ओततोय. दुभाषी फोनवर मिळेना. बाई म्हणाली, “पुन्हा कधी येऊ का?” मालक म्हणाला, “कशाला? आमच्या मुली ओरिकासा सेन्सेईंच्या हाताखालच्या आहेत, छान बोलतात.” आणि न्यानही म्हणाली, “मी बोलते.” वर्षभर थांबलेली होती, आणखी किती थांबणार?

बाईने सोप्या शब्दांत विचारलं, “काम कसं आहे? तानोशी?”

न्यानने मुठी आवळल्या आणि पाठ केलेलं म्हटलं, “तानोशी जानाई!”

तिच्या भाषेत आवाज सारखा वर-खाली जातो. त्या दिवशी नेमका वर गेला.

बाई खळखळून हसली. मालकही हसला. “बघा बघा,” बाई म्हणाली, “अगदी इथल्या बायकांसारखं बोलायला लागली! छान, छान.” आणि कागदावर लिहिलं: कामात मजा येते, असे स्वतः सांगितले. न्यानला वाटलं, आपलं ऐकलं. लोक वाईट बातमी ऐकूनही हसतात, हे तिने आमच्याकडे पाहिलेलं होतं. तिने वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली.

पुढच्या रविवारी ती दारातूनच सांगत आली, “सेन्सेई, मी सांगितलं! सगळं सांगितलं!”

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं, मुठी आवळून.

मी तोमिकडे बघितलं. तोमि फळा पुसत होती, तिचा हात थांबला.

“अगं पोरी,” मी म्हणाले, आणि मग मलाच तिला सांगावं लागलं. चहाची किटली खाली ठेवून, पुस्तकाचं ते कोरं करकरीत पान उघडून. हे असं म्हणतात. तू म्हणालीस ते तसं नाही होत. ती दोन्ही शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. एकदा हा, एकदा तो. मग माझ्याकडे न बघता तोमिकडे बघून म्हणाली, “सेन्सेई, मी विचारलं होतं.”

तोमि म्हणाली, “हो.”

मुली गेल्यावर मी तिच्यावर घसरले. “एक पत्र लिही त्या संस्थेला. लिही, की मुलगी हे म्हणाली, म्हणायचं होतं ते. मी शिकवलं नव्हतं, म्हणून चुकली. चार ओळी! तुझ्या अक्षराला नगरपालिकेत मान आहे.”

“लिहीन की. पण जरा विचार कर, हारु. कारखाना उद्या मुलींना पाठवायचा बंद करेल. रविवारचे दोन तास तरी त्या इथे येऊन हसतात, तेही जातील.”

“हसून बोटं बरी होतात का?”

“मी काढलेच ना दिवस,” ती म्हणाली.

हे तिने कधी काढलं नव्हतं तोंडून, इतक्या वर्षांत. पंधराव्या वर्षी आमच्या वर्गातली अर्धी पोरं आगगाडीत बसवून राजधानीला कामाला पाठवली होती, त्यात ती होती. मी घरी राहिले, कारण आई आजारी. तोमि सूतगिरणीत. तिची पोस्टकार्डं यायची. तिच्या आईला वाचता यायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवायचे. प्रत्येक कार्डावर एकच, ‘रोज मजा येते. काळजी नसावी.’ आई ती कार्डं शेजाऱ्यांना दाखवायची. कार्डं आधी वसतिगृहाची बाई वाचायची, मग पेटीत पडायची, हे आम्हाला कुठे ठाऊक? बोलीवरून तिला तिथे ‘ए गावंढळ’ म्हणायचे, जेवणाच्या रांगेत शेवटी उभं करायचे. चार वर्षांनी ती परत आली ती ही चकचकीत भाषा घेऊन, आणि यंत्रांच्या खडखडाटात एका कानाचं ऐकू येणं गमावून.

“तुझे दिवस निघाले म्हणून तिचेही निघावेत?” मी म्हणाले.

“निघतात गं,” ती म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या माणसाला वाटतं, सगळ्यांनी तो असाच खायचा असतो. मला तिचा राग आला आणि कीवही आली. त्यातला राग अजून शिल्लक आहे.

तुम्ही विचाराल, मग तू का नाही लिहिलंस? बरोबर आहे. माझा थोरला त्याच कारखान्याची गाडी चालवतो, मुलींना खोलीवरून कामावर आणि कामावरून खोलीवर. मी मनाशी म्हटलं, सेन्सेई तोमि आहे, तिच्या शब्दाला वजन आहे, तिनेच लिहावं. दर रविवारी विचारायचे, “लिहिलंस?” आणि ती म्हणायची, “मसुदा केलाय.” असा आमच्या दोघींचा खेळ सात आठवडे चालला. मुठी झाकण्यात मीही काही कमी नाही.

मार्चमध्ये शेवाळ काढणीचा हंगाम भरात आला. उकळत्या कढया, वाफ, घाई. न्यान दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. शीर काढता येत नाही म्हणून तिला कढईवर उभं केलं होतं, तिथे हात भाजला. जाताना तोमिसमोर उभी राहिली.

“सेन्सेई, पत्र गेलं?”

“या आठवड्यात नक्की,” तोमि म्हणाली.

“हो,” न्यान म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. आमच्यासारखाच, कमरेतून, तीन श्वास होईपर्यंत.

मंगळवारी सकाळी ती खोलीवर नव्हती. पांघरूण घडी करून ठेवलेलं, चपला रांगेत लावलेल्या. पळालेल्या शिकाऊला कागद राहत नाही, नाव राहत नाही. जिथे सापडेल तिथून उचलून विमानात घालतात.

मग तोमि गेली. वरातीमागून घोडं. राखाडी कोट घालून, पुस्तक पिशवीत घेऊन, दोन गाड्या बदलून संस्थेच्या कचेरीत. मीही गेले बरोबर. एक तरुण साहेब होता, चेहरा हसरा. तोमिने पुस्तक उघडलं, ते पान दाखवलं, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, “मी हे शिकवलं नाही. तिने विचारलं होतं, मी टाळलं. म्हणून ती चुकीचं बोलली.”

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मधून मधून मान हलवली. मग म्हणाला, “सेन्सेई, तुमची तळमळ कळते. पण नोंदीत तिचे स्वतःचे शब्द आहेत. मजा येते म्हणाली आणि पळाली. अशा वेळी आम्ही ‘व्यक्तिगत कारण’ असं लिहितो.”

“पण तिला म्हणायचं होतं...”

“म्हणायचं काय होतं, ते आम्ही कसं लिहिणार?” तो नम्रपणे म्हणाला. “आणि हे तुम्ही आम्हाला जानेवारीत कळवायला हवं होतं.”

परतीच्या गाडीत तोमिने पुस्तक मांडीवर ठेवलं होतं. तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

जुलैत कळलं. दक्षिणेला कुठेतरी कांद्याच्या पातीच्या शेतात न्यान सापडली आणि तिला परत धाडलं. हात नीट भरला नव्हता, तीन बोटं मिटत नव्हती. शेजारच्या खोलीतल्या फुओंग नावाच्या मुलीने सांगितलं. तोमिने ऐकलं, आणि त्या रविवारी फळ्यावर सतराव्या धड्याचं मागचं पान लिहायला घेतलं.

न्यान पळाल्यापासून कारखान्याने अट घातली होती, मुलींबरोबर आपला माणूस वर्गात बसेल. तो माणूस म्हणजे माझा थोरला. दाराजवळ मांडी घालून बसायचा, फोनवर मासे पकडण्याचा खेळ खेळत. वाईट नाही तो. सांगितलं तसं करणारा आहे.

तोमिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तानोशिकुनाई’. तीनदा स्वतः म्हणून दाखवलं. भोंग्यावरचा स्वच्छ आवाज, पण तो एक शब्द तिलाच नीट येत नव्हता, मध्ये अडखळत होती. “आता सगळ्यांनी,” ती म्हणाली. पाच मुली, पाचही गप्प. एकीने दाराकडे बघितलं. मग बाकीच्यांनी.

“बरं, मी विचारते,” तोमि म्हणाली. “काम कसं आहे?”

“तानोशी!” पाचही जणी एका सुरात म्हणाल्या. व्याकरण बिनचूक.

तोमिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, जरा अजून मोठ्याने. माझ्या मुलाने फोनवरून मान वर करून बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. तिने फळ्यावरच्या शब्दाखाली रेघ ओढली, बोट ठेवलं, तोंड उघडून दाखवलं, लहान पोराला शिकवतात तसं. मुली वहीत लिहून घेत होत्या. कुणीच म्हणेना.

वेळ संपली. मुली जिन्याखाली बूट घालत होत्या, मुलगा गाडी वळवायला पुढे गेला होता. तोमि खडू हातात घेऊन त्यांच्या मागे पायऱ्या उतरली. “एकदा तरी म्हणा,” ती म्हणाली. “मला कळू दे, तुम्हाला येतो की नाही.”

फुओंग बुटाची दोरी बांधायची थांबली. आधी बाहेर बघितलं, मग हळूच बोलली.

“येतो, सेन्सेई. न्यानने आम्हाला जानेवारीतच शिकवला. रोज म्हणून घ्यायची.” तिने दोरी ओढली आणि उभी राहिली. “शब्द येतो. कुणाला म्हणायचा, ते शिकवा.”

बाहेर माझ्या मुलाने हॉर्न दिला. मुलींनी वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसल्या.